ताईंनी लावलेली कडी

दोन वर्षांपूर्वी १८ ऑगस्टला सकाळी मी इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खिडकीत १,२७,४५० रुपये अनामत भरली. खिडकीतल्या मुलीने विचारले, "पेशंट तुमच्या कोण?"

"थोरली मेहुणी."

"यात मेहुणी येत नाही, काका. बहीण टाकू?"

"टाका."

आमच्या घरात जिथे जिथे खिडकीपुढे उभे राहायचे असते तिथे मलाच पाठवतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका वखार कंपनीत हिशेबाला चिकटलो तो अजून तिथेच आहे, आणि पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होईन. लिहिण्याची सवय आहे ती टिपणांची. पण मोठ्या ताईंविषयी कुणीतरी नीट लिहून ठेवावे असे मला बरेच दिवस वाटत होते, आणि त्यांची स्वतःचीही त्याला हरकत नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. पण गोड करून लिहू नका."

ताई माझ्या बायकोच्या सगळ्यांत मोठ्या बहीण. वडील अपघातात गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. मागे एक भाऊ आणि सगळ्यांत धाकटी माझी बायको. ताईंनी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि दोघांना वाढवले. स्वतःचे लग्न करायचे राहून गेले. "राहून गेलं नाही, मी ठेवलं," असे त्या म्हणतात.

त्या दुकानात चारी भिंतींना आरसे आहेत. गरम वाळूच्या भांड्यात चष्म्याची दांडी धरायची, मऊ झाली की गिऱ्हाइकाच्या कानामागे बेताने वाकवायची, मग दोन पावले मागे जाऊन चेहरा सरळ दिसतो का पाहायचे, हे ताईंचे काम. माणूस वाकडा असला तरी चष्मा सरळ बसला पाहिजे, हा त्यांचा बाणा. घरातही तेच. ताईंच्या तोंडी सगळ्यांत जास्त येणारा शब्द म्हणजे 'चारचौघांत'. चारचौघांत मोठ्याने हसू नये, चारचौघांत उसने मागू नये. मी एकदा बनियनवर गॅलरीत उभा राहिलो तर त्यांनी आतून पडदा असा ओढला की माझ्या तोंडावरच आला.

त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांची डावी पापणी खाली यायला लागली. डोळ्याच्या मागे ठणका होता, जिन्याची पायरी कधी एक दिसे, कधी दोन. त्यांनी कुणाला सांगितले नाही. दुकानात मात्र एक वयस्कर गृहस्थ फ्रेम घट्ट करायला म्हणून रोज यायला लागले, भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून. तिसऱ्या दिवशी मालक हळूच म्हणाले, "ताई, ते आजोबा पुन्हा आलेत. फ्रेम सैल नाहीये त्यांची, तेच सैल झालेत. तुम्ही त्यांना डोळा मारला असं ते पानवाल्याला सांगत होते."

ताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. त्यांनी दुकानातलाच एक काळा चष्मा काढून घातला, त्याचे पैसे पगारातून कापायला सांगितले आणि वाळूच्या भांड्यापाशी मान खाली घालून बसल्या.

दुकानात आठवड्यातून दोनदा नंबर तपासायला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात. मुलगी वयाने लहान, पण नजर तिखट.

"ताई, दुकानात बसून काळा चष्मा? सिनेमात जाताय का?"

"वारं लागलंय डोळ्याला."

"काढा बघू."

ताईंनी काढला. डॉक्टरीणबाईंनी बोटाने पापणी वर केली, बॅटरीचा झोत टाकला. उजवी बाहुली चटकन लहान झाली. डावी तशीच, मोठी आणि स्तब्ध. त्यांनी पुन्हा झोत टाकला. मग बॅटरी खिशात ठेवली आणि आवाज बदलला.

"वाऱ्यानं बाहुली मोठी होत नाही, ताई. तुम्ही आत्ता मोठ्या इस्पितळात जायचं. उद्या नाही, संध्याकाळी नाही. आत्ता."

"एकांची बायफोकल द्यायचीय पाच वाजता."

"त्यांना आज एकच फोकल पुरेल," मालक म्हणाले आणि स्वतः गाडी काढायला गेले.

इस्पितळात हातात सुई लावून औषध सोडले आणि डोक्याचे यंत्रातून फोटो घेतले. मेंदूचे डॉक्टर बुटके, शांत, बोलताना समोरच्या कागदावर चित्र काढण्याची सवय असलेले. त्यांनी झाडाच्या फांदीसारखी एक रेघ काढली, तिला फाटा फोडला आणि फाट्याच्या बेचक्यात मुगाएवढा गोळा काढला.

"ही मेंदूची धमनी. इथे तिची भिंत पातळ झालीय आणि रक्ताच्या दाबानं बाहेर फुगलीय. हा फुगा शेजारून जाणाऱ्या डोळ्याच्या नसेला टेकलाय, म्हणून पापणी पडली, बाहुली मोठी झाली. एका अर्थी पापणीनं चुगली केली म्हणून फुटायच्या आधी कळलं. पण तो दाबायला लागलाय म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. रक्तदाब? आहे, गोळी चालू. तंबाखू, सिगारेट? छे. "घरात कुणाला असा त्रास? कुणी तरुण वयात अचानक गेलं?"

"नाही," ताई म्हणाल्या. प्रश्न संपायच्या आत.

"भावंडं?"

"ही एक बहीण. एक भाऊ होता. तो लिव्हरनं गेला."

माझी बायको फरशीकडे बघत होती. मी खिडकीकडे. लिव्हर हा आमचा बाहेरच्यांना सांगायचा शब्द होता. घरातल्या घरात शब्द वेगळा होता.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा, किंवा मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमची केसासारखी तार सोडायची. तार आत वेटोळे घालून बसते, फुगा भरतो, रक्त आत शिरत नाही. ताईंचे वय, फुग्याचा आकार आणि जागा पाहता दुसरा मार्ग बरा, असे त्यांचे मत पडले. धोका दोन्हीत होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"आणि तोपर्यंत एक लक्षात ठेवा," ते माझ्याकडे आणि बायकोकडे वळून म्हणाले. "फुटला तर कसं कळेल? आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, एकदम, मागून कुणी घण घातल्यासारखी. उलटी. मान ताठ. उजेड सहन होत नाही. पाय लटपटतात, बोलणं जड होतं. कधी कधी लोकांना वाटतं, माणूस प्यायलाय, आणि झोपवून ठेवतात. तसं करू नका. लगेच सिस्टरला हाक मारा."

ताईंचा उघडा डोळा डॉक्टरांवर होता.

"तोंडाला वास येतो का?" त्यांनी विचारले.

"कसला वास?"

"त्याच्या तोंडाला. त्या माणसाच्या. वास येतो का?"

"नाही हो. वास कशाला येईल?"

ताईंनी मान हलवली आणि पदर सारखा केला. डॉक्टरांना वाटले, बाई घाबरल्यात. आम्हा दोघांना माहीत होते त्या कुठे पोचल्या ते.

माझा मेहुणा छापखान्यात यंत्रावर होता. हाताचा कुशल, जिभेचा गोड, आणि पगाराच्या दिवशी हरवणारा. ताईंनी या गोष्टीचा घरात एक क्रम बसवून टाकला होता. तो जिन्यात दिसला की वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, दार उघडून धरायचे. ताईंनी काखेत हात घालून त्याला मागच्या खोलीत न्यायचे. कुशीवर वळवायचे, उशाशी बादली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठा. आणि दाराला बाहेरून कडी, म्हणजे तो भेलकांडत पुन्हा जिन्यात जाऊन चारचौघांत शोभा करणार नाही. पूर्वी एकदा त्याला दवाखान्यात नेले होते तर तिथल्या वॉर्डबॉयने सगळ्यांसमोर विचारले होते, "काय बाई, किती क्वार्टर?" त्यानंतर ताईंनी दवाखान्याचे नाव टाकले.

मग त्याने सोडली. खरोखर सोडली. वर्ष व्हायला आले होते. वहिनीने त्या आनंदात त्याला नवा शर्ट घेतला होता.

एक दिवस त्याला सुट्टी होती. तो केस कापायला गेला आणि भर दुपारी परत आला तो एका हाताने डोके दाबून, दुसऱ्याने जिन्याच्या कठड्याला धरत धरत. डोके अर्धेच कापलेले. एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला कानावर आलेले. मानेवर कापलेले केस तसेच चिकटलेले. जिन्यात वरच्या मजल्यावरची मुले हसली. आत येऊन त्याला उलटी झाली. बोलणे जड झाले होते. ताईंनी काही विचारले नाही. क्रम पाठ होता.

थोड्या वेळाने वहिनी कामावरून आली. तिने कडी काढली, आत गेली आणि त्याच्या तोंडाशी वाकली. बाहेर येऊन म्हणाली, "वन्सं, वास नाहीये."

"हल्ली बिनवासाची पण मिळते."

"मी गाडी आणते. दवाखान्यात नेऊ."

"आणि काय सांगू तिथे? वर्षभर सोडली होती, आज पुन्हा पडला? बस खाली. सहा वाजेपर्यंत उतरेल."

ताई दारात उभ्या राहिल्या. त्या घरात तेव्हा त्यांना ओलांडून बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती. मी आणि बायको चारच्या सुमारास सहज म्हणून गेलो होतो. वहिनीने चहा दिला. निम्मा चहा बशीत सांडला होता. रेडिओ फार मोठा होता. मी म्हणालो, "जरा कमी करा ना," आणि ताईंनी नुसते माझ्याकडे बघितले, तेव्हा मला कळले, आणि मी चहा संपवला.

सहा वाजता कडी काढली. तो गेलेला होता.

न्हाव्याकडे जाऊन 'हा अर्ध्यातून का उठला' एवढे एक वाक्य विचारायचे आमच्यापैकी कुणाला सुचले नाही. सुचले असते तरी गेलो नसतो. महिन्याभरात वहिनी मुलाला घेऊन घराबाहेर पडली. दारात ती म्हणाली, "तुम्ही सगळे शहाणे आहात. मला फक्त नाक आहे." ताईंनी तिला खोटारडी म्हटले. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, अंगाने काडी, म्हणून त्याला बारक्या म्हणत. बारक्याने आईचे ऐकले नाही, आत्याचे खरे मानले. आत्या घरातली शब्दाची पक्की. आता तो सहा फूट आहे, लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो, आणि खोकल्याचे औषधसुद्धा हुंगून पितो. बाप कशाने गेला हे त्याने कधी कुणा मित्राला सांगितले नाही.

ताईंवरचे उपचार नीट पार पडले. मी आणि बायको बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर आले, हातातल्या कागदावर आणखी एक मुगाचा गोळा काढला आणि तो गिरगटून भरून टाकला. "बसली तार," म्हणाले.

नंतर ताईंना पाय न वाकवता उताणे पडून राहायचे होते. मांडीवर पट्टी. दुकानाचे मालक भेटायला आले आणि त्यांना राहवेना. "ताई, लोक म्हणतात एखाद्याची अक्कल गुडघ्यात असते. तुमची जरा वर निघाली. मांडीतून गेले आणि सापडली." नर्स हसली, माझी बायको हसली. ताई हसल्या नाहीत. मालक गेल्यावर त्यांनी मला खूण करून जवळ बोलावले.

"भाऊजी, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"तुम्ही का नाही बोललात मग?"

मी त्यांचे पांघरूण सारखे केले. त्या छताकडे बघत राहिल्या. "त्यांना बोलवा. मला उठता येत नाही ते बरं आहे. उठता आलं असतं तर मी पळून गेले असते."

डॉक्टर आले. ताईंनी सगळे सांगितले, अर्धे केस, उलटी, बादली, कडी. बोलताना शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती. ताईंनी आवाज कमी केला नाही.

डॉक्टरांनी या वेळी चित्र काढले नाही. "इतक्या वर्षांनी खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "पण ऐकल्यावर मला तेच वाटतं. लगेच आणलं असतं तरी वाचले असते का, तेही सांगता येणार नाही. काही वाचतात, काही नाही." मग म्हणाले, "पण आता हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. एका घरात दोघांना म्हणजे रक्तात असू शकतं. या बहिणीचा फोटो काढून घ्या. आणि त्या भावाला मूल आहे का?"

"एक मुलगा आहे."

"त्याचाही. साधा फोटो, सुईसुद्धा नाही. पण त्याला सांगावं लागेल कशासाठी ते."

माझ्या बायकोचा फोटो त्याच आठवड्यात काढला. काही निघाले नाही. ती इस्पितळाच्या आवारात मोटारींच्या मधे उभी राहून रडली, आणि मग म्हणाली, "मी सुटले म्हणून रडतेय असं समजू नका."

राहिला बारक्या. बायको म्हणाली, आपण फोन करू. मी म्हणालो, डॉक्टरांकडून निरोप पाठवू. ताई म्हणाल्या, "त्याच्या आईला आधी. आणि तोंडानं." पण दिवस जात राहिले. घरी आल्यावर पापणी हळूहळू वर येत होती, ताई दुकानात अर्धा दिवस जायला लागल्या, आणि रोज काहीतरी कारण निघे. एकदा त्या निघाल्यासुद्धा. वहिनीच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर औषधाच्या दुकानात शिरल्या, गरज नसताना मलमाची नळी घेतली आणि परत आल्या.

"ताई, तो रोज लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो," माझी बायको एका संध्याकाळी म्हणाली. "तिथे त्याला काही झालं तर लोक काय म्हणतील? बाप तसा, पोरगा तसा."

हे लागले. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपली हातातली पिशवी घेतली, चष्म्याच्या दांड्या वाकवायच्या पक्कडीने तिच्या चेनचा दात ओढून तोडला आणि म्हणाल्या, "चला भाऊजी. नुसतं जायला पाय उचलत नाही. काम घेऊन जाते."

वहिनीचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. बॅगा, पिशव्या, छत्र्या, चेन बसवून मिळेल. ती शिलाईच्या यंत्रावर बसली होती. केस पिकलेले, नाकावर चष्मा. समोर एक माणूस मोडकी छत्री घेऊन स्टुलावर बसला होता. तिने आम्हाला पाहिले. ताईंच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिले. मग गिऱ्हाइकाला विचारावे तसे विचारले,

"काय झालंय बॅगेला, बाई?"

"चेन तुटलीय."

तिने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. "तुटली नाही ही. तोडलीय."

"हो," ताई म्हणाल्या. "आत जाऊन बोलू या का जरा?"

"आत म्हणजे कुठे? हीच जागा आहे. जे असेल ते इथंच बोला."

छत्रीवाला माणूस आमच्याकडे बघायला लागला. शेजारचा किल्ल्या करणारा कानस चालवायचा थांबला. मी ताईंच्या कोपराला हात लावला, नंतर येऊ असे सुचवायला. त्यांनी हात सोडवून घेतला.

"त्या दिवशी तू म्हणालीस, वास नाही. तुझं बरोबर होतं. तो प्यायला नव्हता. त्याच्या डोक्यातली शीर फुटली असावी. माझ्याही डोक्यात तसंच निघालं, म्हणून कळलं."

वहिनी चेनचे जुने टाके उसवत होती. उसवतच राहिली.

"हे कळायला नऊ वर्षं लागली?"

"नऊ वर्षं माहीत नव्हतं," ताई म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही, तेही खोटं आहे. वास मीही घेतला होता. तुझ्या आधी. त्याला कुशीवर वळवताना. वास नव्हता. तरी मी कडी लावली."

हे मलाही माहीत नव्हते. माझ्या बायकोलाही नव्हते. छत्रीवाला उठून उभा राहिला. वहिनी म्हणाली, "बसा हो, तुमचं होतंय," आणि तो बसला.

"का?" तिने ताईंना विचारले.

"अर्धे केस कापून तो जिन्यातनं आला. पोरं हसली. मला दुसरं काही दिसलंच नाही."

वहिनीने दाभण खाली ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो एका बाजूला कलला होता. ताईंचा हात सवयीने सरळ करायला पुढे गेला आणि अर्ध्यातून मागे आला.

"रडायचं असेल तर घरी जाऊन रडा," वहिनी म्हणाली. "इथे गिऱ्हाइकं आहेत. तुम्ही एवढ्यासाठी आला नाहीत. काय हवंय?"

"बारक्याच्या डोक्याचा फोटो काढायला हवा. रक्तात असू शकतं म्हणतात."

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा हलला. "कधी कळलं हे?"

"ऑगस्टमध्ये."

ऑक्टोबर संपत आला होता. वहिनीने यंत्र सुरू केले, नवी चेन पिशवीवर घातली, दोनदा उघडून मिटून पाहिली आणि पुढे सरकवली.

"चाळीस झाले. आणि कुठे न्यायचं, कधी न्यायचं, ते भाऊजींना सांगू दे. तुम्ही नको."

ताईंनी पिशवीत हात घातला, पण पाकीट सापडेना, हात नुसता आत फिरत राहिला. मी खिशात हात घातला तर वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे नकोत." आम्ही निघालो.

पुढच्या शनिवारी बारक्या आईबरोबर इस्पितळात आला. मी ताईंना येऊ नका म्हटले होते. त्या आल्या होत्या आणि बाकाच्या पार टोकाला बसल्या होत्या. बारक्याचा फोटो झाला. निकाल मिळेपर्यंत बसायचे होते. तो उठला, ताईंपाशी गेला आणि समोर उभा राहिला. आईने त्याला सगळे सांगितले होते हे त्याच्याकडे बघून कळत होते.

"आत्या, बाबा शेवटी काही बोलले का?"

"नको विचारूस."

"मी विचारणार. मी नऊ वर्षं तुझं खरं मानलंय."

ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "ऊन बंद कर म्हणाला. ताई, ऊन बंद कर."

"मग?"

"मी म्हटलं, आता तुझ्यासाठी सूर्य पण मालवू का?"

बारक्याने विचारले, "मग खिडकी लावलीस?"

"लावली."

"म्हणजे अंधार केलास ना त्यांना."

त्या मुलाला काहीतरी हवे होते, आणि ते देणे सोपे होते. नुसते हो म्हटले असते तरी चालले असते. मी बाकाच्या या टोकाला बसून मनात म्हणत होतो, म्हणा हो.

"लोकांनी बघू नये म्हणून लावली," ताई म्हणाल्या. "त्याच्यासाठी नाही."

बारक्या वळला आणि आईच्या शेजारी जाऊन बसला. त्याने तिच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली. तिनेही ती दिली.

डॉक्टरांनी आत बोलावले. बारक्याच्या डोक्यात उजव्या बाजूला एक फुगवटा निघाला, अगदी लहान, मोहरीएवढा. आत्ता हात लावायची गरज नाही. सिगारेट नाही, रक्तदाब तपासत राहायचा, आणि दर वर्षी फोटो. वाढला तर ताईंसारखी तार. तो म्हणाला, "लिफ्टचं काम?" डॉक्टर म्हणाले, "करा. पण डोकं अचानक दुखलं तर अर्ध्यातून उठा आणि इकडे या. कुणाला वाटो काही." वहिनी म्हणाली, "वाटू दे."

या वर्षीचा फोटो झाला. मोहरी मोहरीच आहे. तारीख ठरवायला वहिनी मला फोन करते, ताईंविषयी विचारत नाही. ताईंची पापणी जवळजवळ वर आली आहे. थकल्या की थोडी उतरते आणि त्या आता काळा चष्मा घालत नाहीत. कुणी विचारले, भाऊ कशाने गेला, तर लिव्हर म्हणत नाहीत. "मी कडी लावली होती," असे सुरू करतात, आणि माणसे घड्याळाकडे बघायला लागतात.

महिन्यातून एकदा त्या जिन्याखालच्या दुकानात जातात. समोर गिऱ्हाइके असतात. ताई नोटा काढून यंत्राच्या फळीवर ठेवतात. वहिनी शिवता शिवता त्या बोटाने परत सरकवते आणि पुढच्या माणसाला विचारते, "तुमचं काय?"

चेनचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.